मना दात हालस हो ताई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस राहिले होते. मी काम करते त्या दातांच्या दवाखान्याचं शटर पुरतं वर जायच्या आत अक्का खुर्चीत येऊन बसल्या. साठीच्या घरातल्या, अमळनेरकडच्या एका खेड्यातल्या. चैत्र लागताना त्यांच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू, बसवलं होतं; त्यावरचा दात नंतर लागणार होता.

"मना दात हालस हो ताई. पडी जाई का?"

इम्प्लांटनंतर तीन-चार आठवड्यांनी हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. पण हलतंय म्हटल्यावर आधी डॉक्टरांनी बघायचं, धीर देणं नंतर. आपल्या खऱ्या दाताभोवती बारीक तंतूंची गादी असते, त्यामुळे तो केसभर हलतो. इम्प्लांट थेट हाडाला धरतं. ते मुळीच हलायला नको. डॉक्टरांनी तपासलं. इम्प्लांट पक्कं होतं, हिरडी भरेपर्यंत वर लावतात ते टोपण सैल झालं होतं. दोन मिनिटांत घट्ट करून दिलं.

अक्का उठल्या नाहीत. शेजारणीने सांगितलं होतं, तुझी हाडं पोकळ झाली, स्क्रू टिकायचा नाही. म्हणून त्या दिवसातून कितीदा तरी जिभेने, बोटाने दाबून बघत होत्या.

मी त्यांना त्यांच्याच घराचं उदाहरण दिलं. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, नवी खारी माती टाकायच्या आधी जुनी उतरवावी लागते ना? मधले काही दिवस घर उघडं पडतं. जबड्याचंही तसंच. पहिल्या दिवशी स्क्रू नुसत्या आवळण्याने घट्ट असतो. मग शरीर भोवतालचं दुखावलेलं हाड काढून टाकतं आणि नवं भरायला घेतं. जुनी पकड सुटत आलेली, नवी अजून आलेली नाही, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तेव्हा इम्प्लांट दीडशे मायक्रॉनच्या वर, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढं जरी सारखं हलत राहिलं, तरी भोवती हाडाऐवजी मऊ तंतू भरू शकतात.

"म्हणजे मीच हलवत होते?" अक्का हसल्या. मग पदर तोंडाला लावला, आणि तेव्हा मला बोटाच्या टोकावरचा काळा डाग दिसला. मशेरी.

फॉर्मवर 'तंबाखू' पुढे 'नाही' लिहिलेलं होतं. चूक आमचीच. आपल्याकडे बायका मशेरीला तंबाखू धरतच नाहीत; ते दात घासणं. तेव्हापासून मी 'मशेरी लावता का?' असंच विचारते. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त पोचलं नाही तर हाड भरणार कशाने? साखरही तपासली, तीन महिन्यांची सरासरी ८.४ निघाली. शेजारणीच्या पोकळ हाडांपेक्षा मला या दोन गोष्टींची जास्त धास्ती होती.

हाडं ठिसूळ असली म्हणजे इम्प्लांट होतच नाही, असं नाही. मात्र त्यासाठी घेतलेलं औषध सांगायलाच हवं, विशेषतः वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते. बीपीची गोळी सगळ्यांना आठवते, ते इंजेक्शन कोणालाच नाही. अक्कांनी घेतलं नव्हतं. मुलाने कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा आणला होता. डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर घ्या म्हटलं, पण मशेरी लावून वर कॅल्शियम म्हणजे फुटक्या माठात पाणी.

"आखाजीला लेकी येतील. सांजोरी खाऊ का नको?"

खा, दुसऱ्या बाजूने.

मशेरी एकदम सुटली नाही. वैशाखात दोनदा परत लावल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि मला ते आवडलं, कारण आता त्या मोकळेपणाने बोलत होत्या. साखर उतरायला वेळ लागला, म्हणून डॉक्टरांनी स्क्रूवर दात बसवणं महिनाभर पुढे ढकललं. मुलगा फोनवर जरा चिडलाच. दात बसला श्रावण लागता लागता, एक्स-रेत स्क्रूभोवतीचं हाड नीट दिसल्यावरच.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. प्रसादाचा रोट त्या बाजूने चावून खाल्ला म्हणे. मी म्हटलं, मला नाही ठेवला एखादा? तर म्हणाल्या, "तो भाऊबंदकीबाहेर देत नाहीत ताई. तुमच्यासाठी कळण्याची भाकर आणते."