रँचवर यायचं म्हणतोस, तर घरी आधी हे बोलून घे

तू लिहिलंस: सांगोल्याजवळ घरच्या नऊ म्हशी, पशुसंवर्धनाची पदविका झालेली, घर माळकरी, आणि कॅनडात, दक्षिण अल्बर्टातल्या एका रँचवर, म्हणजे मोकळ्या माळावर गुरं पाळायच्या जागी, दोन वर्षांच्या कामाचं बोलणं चाललंय. ‘दादा, गुरांचं सगळं येतं मला, तिथं नवीन काय शिकावं लागेल?’ मी तिथंच पिंचर क्रीक गावाच्या बाजूला चौदा वर्षं गुरांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला फरक दावणीचा. आपल्याकडं जनावर दावणीला असतं, हाक मारली की मान वळवतं. इथली अँगस किंवा हेरफर्ड जातीची गाय वर्षातून मोजक्या वेळा माणसाच्या हाती लागते, बाकी दिवस ती आणि तिचं माळरान. तिच्याभोवती न दिसणारं एक रिंगण असतं. त्याच्या कडेवर तू पाऊल टाकलंस की ती सरकते, मागं झालास की थांबते. तिच्या खांद्याच्या मागून गेलास तर ती पुढं चालते, खांद्याच्या पुढं आलास तर उलटी फिरते. काठी, आरोळ्या, शेपूट पिरगाळणं इथं कामाचं नाही. पहिल्याच महिन्यात मी हाकारे घालत चाळीस गाई कोपऱ्यात दाबल्या आणि त्या काटेरी तारा तोडून निघून गेल्या. मालक ओरडले नाहीत. तारा ओढायला माझ्यासोबत बसले आणि इथली जुनी म्हण सांगितली: गुरं लवकर न्यायची असतील तर हळू ने.

अशा म्हणी आणि रीती इथं पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीमागं कारण आहे. फाटक जसं दिसलं तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं. तू भल्या मनानं लावलेल्या फाटकामुळं पलीकडची गुरं पाण्यापासून तुटू शकतात. कुणालाही ‘तुमची गुरं किती?’ असं विचारायचं नाही, ते बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं. घोडा पळवताना जमिनीवर नजर ठेवायची. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून १८८२ साली कळप हाकत इथं आलेला जॉन वेअर हा इथला सगळ्यात नावाजलेला गुराखी. १९०५ साली त्याच्या घोड्याचा पाय बॅजर या जमीन उकरणाऱ्या प्राण्याच्या बिळात गेला, घोडा अंगावर पडला आणि तो गेला. एवढा कसबी माणूस बिळानं गेला, हे मी नव्या पोरांना आधी सांगतो. बाकी घोडा नाही आला तरी निभेल. ट्रॅक्टर आणि बर्फातून ट्रक मात्र चालवता आला पाहिजे.

तुझी खरी कसोटी आणि खरं मोल फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. तेव्हा गाई वितात आणि रात्री पारा उणे तीसपर्यंत उतरतो. ओलं वासरू बर्फात पडलं तर कानाची टोकं गोठून गळतात, उशीर झाला तर वासरूच जातं. मग त्याला उचलून ट्रकमध्ये हीटरसमोर ठेवायचं, पोत्यानं खसाखसा पुसायचं, आणि पहिल्या सहा तासांत पोटात चीक गेलाच पाहिजे. चिकाचं महत्त्व तुला सांगायला नको. आडलेली गाय, उलटं आलेलं वासरू, न पडलेली वार, हे तू पाहिलेलं आहेस. तिथं तुझा हात शांत राहील आणि मालकाला ते लगेच दिसेल. एक गोष्ट मात्र मी इथंच शिकलो. मॅनिटोबा प्रांतातल्या गस कोनेफल नावाच्या रँचरनं १९७०च्या दशकात पाहिलं की गाभण गाईंना वैरण रात्री टाकली तर जास्त गाई दिवसाउजेडी वितात. आम्ही गव्हाणी संध्याकाळी भरतो आणि खरंच पुष्कळ रात्री झोप मिळते.

मे-जूनमध्ये वासरांना डाग देणं, लसी टोचणं, खच्ची करणं असतं. त्याला आजूबाजूच्या रँचवरची माणसं आपणहून येतात, पैसे कुणी घेत नाही, जेवण मालकाकडं, आणि पुढच्या आठवड्यात आपण त्यांच्याकडं. आपली इर्जिकच. परकेपणा माझ्या मनातून गेला तो त्याच दिवशी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ऑक्टोबरात वासरं आयांपासून तोडतात. तीन-तीन रात्री गाई कुंपणाशी उभ्या राहून हंबरतात. आम्ही मधे फक्त तारेचं कुंपण ठेवतो, एकमेकांना हुंगता येईल असं, त्यानं आकांत कमी होतो. नंतर वासरं लिलावात विकली जातात, लेथब्रिजकडच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं पुष्ट करायच्या वाड्यांत, धान्यावर वाढतात आणि हाय रिव्हर किंवा ब्रुक्सच्या कत्तलखान्यात जातात. हा धंदा मांसाचाच आहे. कॅनडातली सुमारे ४० टक्के गुरं एकट्या अल्बर्टात आहेत ती त्याचसाठी. माझ्याही गळ्यात माळ आहे. मी खात नाही, टेबलावर कुणी आग्रहही करत नाही. पण ज्या वासराला मी पहाटे चीक पाजला ते कुठं जाणार हे मला माहीत असतं आणि ते मी मनाआड करत नाही. जनावर आपल्या हाती आहे तोवर त्याला भीती आणि थंडी लागू द्यायची नाही, एवढं माझ्या हातात आहे, ते मी करतो. तुला हे पेलेल का, ते मी ठरवू शकत नाही. आईवडिलांशी स्पष्ट बोल, ‘डेअरी आहे’ असं सांगून येऊ नकोस. माझ्यासोबतचा एक पंजाबी मुलगा तसाच आला होता, त्या पहिल्या हंबरण्याच्या आठवड्यात परत गेला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मन होत नसेल तर इथं दुधाचे गोठेही आहेत, तिकडं बघ. पण दुधाच्या गोठ्यातले गोऱ्हेही शेवटी त्याच वाटेनं जातात, हेही ध्यानात घे.

कागदांचं थोडक्यात. परदेशी कामगार आणण्याची परवानगी मालकानं काढायची असते आणि तिचा खर्च तुझ्याकडून घेता येत नाही. कुणी एजंट त्यासाठी लाखांत पैसे मागत असेल तर तिथंच थांब. तुझा कामाचा परवाना बहुधा त्या एकाच मालकाशी बांधलेला असतो, मात्र मालकानं छळ केला तर खुला परवाना, म्हणजे दुसऱ्या मालकाकडंही काम करता येईल असा, मागायची सोय २०१९ पासून आहे. राहायची खोली, तिचं भाडं, हिवाळ्यातले तास, सुट्टीच्या दिवशी गावात जायला वाहन, हे करारात लिहून घे. वाहन हवंच. कॅलगरीत गणपतीला मराठी माणसं जमतात, पण ते इथून दोनशे किलोमीटरच्या वर आहे.

करार आला की सही करण्याआधी मला पाठव. सध्या आमच्याकडं गवत कापणं चाललंय, म्हणून उत्तराला चार-पाच दिवस लागतील.