मुलांच्या दुःखावर संशोधन करताय? आधी हे बघा

प्रश्नावली निवडण्याआधी ठरवा: तुम्हाला आघात मोजायचाय की शोक? अपघातात आई गेलेल्या मुलात दोन्ही गुंतलेले असू शकतात. तो प्रसंग सारखा डोळ्यांसमोर येतो, म्हणून मूल आईची आठवणच टाळतं. मग शोक तिथेच अडकतो. हे सगळं एकाच बेरजेत कोंबलंत, तर हाती काही लागणार नाही.

वयाकडे नीट पाहा. २०१३च्या डीएसएम-५मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकाराचे, वेगळे निकष आले. लहान मूल बोलून दाखवत नाही, खेळात तोच प्रसंग पुन्हा मांडतं. २०२२च्या सुधारित आवृत्तीत दीर्घकालीन शोकविकार, म्हणजे बराच काळ न ओसरणारा तीव्र शोक, आला. निदानासाठी मृत्यूला मोठ्यांच्या बाबतीत किमान १२ महिने उलटल्याची अट, मुलांसाठी ६. (मला ६ महिने घाईचे वाटतात, पण तो वेगळा वाद.)

फक्त पालकांना विचारून थांबू नका. मुलाचा त्रास त्यांच्या नजरेतून बरेचदा सुटतो. तेही शोकात असतातच की. त्यांची संमती घ्याच, पण मुलाचा स्वतःचा होकार हवा, आणि मधेच उठून जायची मुभाही. बोलताना एखादं मूल कोलमडलं, तर त्याला कोणाकडे न्यायचं? तो समुपदेशक पहिल्या मुलाखतीआधीच ठरवून ठेवा.