घोड्याची शरीररचना कशी अभ्यासावी?

प्रश्न : मी पशुवैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीररचनाशास्त्रात गाय-म्हैस समजते, पण घोड्याचा भाग नुसता पाठ होतो आणि लगेच विसरतो. पुढे घोड्यांवरच उपचार करण्याची इच्छा आहे. या भागाला किती वेळ द्यावा?

उत्तर : सप्रेम नमस्कार. इच्छा पक्की असेल तर भरपूर वेळ द्या. मात्र अभ्यासाची पद्धत बदला. प्रत्येक अवयवाच्या नावापुढे वहीत दोन प्रश्न लिहा : इथे काय बिघडते आणि माझा हात इथवर कसा पोहोचेल?

मानेतल्या जुग्युलर शिरेचेच पाहा. घोड्याला शिरेतले इंजेक्शन शक्यतो मानेच्या वरच्या तृतीयांशात देतात, कारण तिथे ओमोहायॉइड स्नायू ही शीर आणि कॅरोटिड धमनी यांच्यामध्ये येतो; खालच्या भागात हा आडपडदा नसल्याने सुई चुकून धमनीत गेली, तर औषध थेट मेंदूकडे जाते आणि घोडा झटके येऊन जागेवर कोसळू शकतो. हे एकदा समजले की त्या स्नायूचे नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही.

पोटशूळाचेही तसेच आहे. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान आणि त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट, की त्याला उलटी जवळपास होतच नाही. म्हणून फुगलेले जठर फुटण्याआधी नाकातून नळी घालून मोकळे करावे लागते. मोठ्या आतड्याचे डावीकडचे वळण श्रोणीजवळ अरुंद होते, चारा बहुधा तिथेच तुंबतो आणि गुदमार्गातून तपासताना तो हाताला लागतो. खुराच्या तळाशी असलेल्या फ्रॉग या त्रिकोणी भागात खिळा घुसला, तर तो खोलवरच्या स्नायुबंधापर्यंत आणि खुरातल्या नॅव्हिक्युलर या लहान हाडाजवळच्या द्रवाच्या पिशवीपर्यंत जाऊ शकतो. बाहेरून दिसणारे छिद्र अगदी बारीक असते, आणि म्हणूनच ही जखम मला सर्वांत फसवी वाटते.

काम कुठे मिळेल, ही काळजीही रास्त आहे. मुंबईत महालक्ष्मीचे आणि पुण्याचे रेसकोर्स, अश्वपैदास केंद्रे आणि लष्करातल्या प्राण्यांची देखभाल करणारे रिमाउंट व्हेटर्नरी कोअर ही मुख्य क्षेत्रे आहेत. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही जाणत्या पशुवैद्यकाची गरज असते. तरीही महाराष्ट्रात बहुतेक काम गाई-म्हशींचेच आहे, तेव्हा तो अभ्यास सैल सोडू नका.

महाविद्यालयात घोडा उपलब्ध असेल त्या दिवशी मोतद्दाराला तो धरायला सांगा, जबड्याच्या खालच्या कडेवर बोटे टेकवून धमनी शोधा आणि पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. शांत उभ्या असलेल्या प्रौढ घोड्यात ती साधारण 28 ते 44 भरते. सुट्टीत एखाद्या नालबंदाच्या परवानगीने त्याच्यासोबत बसा, खूर हातात धरायला शिका आणि परत आल्यावर त्याच खुराची आकृती पुस्तक न उघडता काढून पाहा.