शेजारचा मुलगा सीमेवर आहे. त्याच्या घरच्यांना काय मदत करता येईल?

तुम्ही विचारलंय की शेजारचा मुलगा सध्या सीमेवर आहे, घरी बायको, तान्हं मूल आणि आजारी आई आहे, तर त्यांना काय मदत करावी, त्याला काही पाठवता येईल का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘आईच्या आजाराचं अर्थात त्याला कळू देणार नाही.’ ते ‘अर्थात’ वाचलं आणि लिहायला बसले.

कळू द्या.

आमचे हे सतरा वर्षं फौजेत होते. २०१६ च्या जानेवारीत सियाचीनला, वरच्या पोस्टवर. आठ-दहा दिवसांतून एकदा सॅटेलाइट फोन यायचा, तीन-चार मिनिटांचा. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे दोघं एकदम बोलायचो आणि दोघं एकदम गप्प व्हायचो. संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी आबा, म्हणजे माझे सासरे, गोठ्यात घसरले. खुबा मोडला. वन्सं आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, “दादाला यातलं काही कळता कामा नये.” दिरांनी मान हलवली. मी ऐकलं.

पुढच्या फोनला यांनी नेहमीसारखं म्हटलं, “आबांना दे.” मी म्हटलं, रानात गेलेत. त्याच्या पुढच्या फोनला म्हटलं, झोपलेत. संध्याकाळचे सहा वाजले होते. आबा जन्मात कधी सहाला झोपले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फोन बंद झाला होता.

मग ३ फेब्रुवारी उजाडला. सोनम पोस्टवर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. त्यात आमच्या सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला एक जवान होता. यांची पलटण वेगळी, पोस्ट वेगळी, पण घरातला टीव्ही बंद होईना. त्या दहांतले लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि ११ तारखेला गेले. पाहुण्यांचे सारखे फोन, “तुमच्यांची पोस्ट कुठली?” मला नाव ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलं तरी ते सांगायचं नसतं. कृपा करून तुम्हीही त्या मुलीला हे विचारू नका. अखेर यांचा फोन आला, “इथं सगळं एकदम ठीक.” माझा विश्वास बसला नाही. मीही महिनाभर तेच वाक्य बोलत होते ना!

मार्चमध्ये हे खाली बेस कॅम्पला उतरले आणि पहिला निवांत फोन लागला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. “आबा कधी गेले?”

आबा माझ्यासमोर खाटेवर बशीतून चहा पीत होते. बाप गेला असं धरून चालून या माणसाने त्या थंडीत ड्यूटी केली, आणि मी फोनवर रडेन म्हणून मला विचारलंही नाही. मी फोन आबांच्या कानाला लावला. आबा म्हणाले, “बोल रं.” पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

वन्सं अजून म्हणतात, तेव्हा केलं ते बरोबरच होतं. नव्हतं, वन्सं. ग्लेशियरवरून रजा सहज मिळत नाही हे मलाही कळतं. पण रजा मागायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, आपण नाही.

आता मदतीचं. त्या वर्षी २६ जानेवारीला मला झेंडावंदनाला बोलावून शाल-नारळ दिला, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी आबांचे कागद घेऊन पुण्याला लष्करी रुग्णालयात जायचं होतं, तेव्हा सोबतीला एकही माणूस नव्हता. खरी मदत शेजारच्या काकूंनी केली. बारा दिवस आमच्या म्हशीची धार काढली, दूध डेअरीला घातलं आणि प्रत्येक वेळी माझ्याच खात्यावर मांडायला लावलं. अशी मदत करा. रांगेत उभे राहा, दवाखान्यात रात्री बसा. बाळाच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे फौजेतल्या त्याच्या कागदपत्रांत, झाली का, आईचं डिपेंडंट कार्ड, म्हणजे ती त्याच्यावर अवलंबून असल्याचं फौजेचं कार्ड, आहे का, हे तिला विचारा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर जा. जमिनीचा दावा चालू असेल तर वकिलाला १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट दाखवा. जवान आघाडीवर असताना त्याच्या माघारी निकाल लागू नये म्हणूनच तो कायदा आहे, आणि गावाकडे तो फारसा कुणाला माहीत नसतो.

पाठवायचं म्हणाल तर पत्र आणि फोटो. नंबर, रँक, नाव, युनिट आणि ५६ किंवा ९९ एपीओ (फौजेचं टपाल कार्यालय), जो असेल तो. लाडू वाटेत फुटतात.

एक मात्र आहे. खरोखरच कुणी गेलं, तर थेट त्याच्या कानावर घालू नका. आधी युनिटला कळवा, म्हणजे सांगताना कुणीतरी त्याच्या शेजारी बसलेलं असेल. बाकी सगळं घरच्यांनीच सांगावं. त्याच्या बायकोला माझा निरोप द्या: पुढच्या फोनला आधी आईचं सांग, मग बाळाचं.