दोन देशांत एक नदी: पाणी नेमकं मोजतं कोण?

तुम्ही विचारलंय, "नदी एका देशातून दुसऱ्या देशात जाते, जमिनीखालच्या पाण्याला तर सीमा माहीतच नाही. मग शेजारी देश ते वाटून घेतात कसे? की वरच्याने अडवायचं आणि खालच्याने बोंबलायचं, एवढंच खरं?"

तुमचं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, हे आधीच कबूल करतो. पण पूर्ण खरं नाही. मी पाटबंधारे खात्यात सरिता मापनाच्या कामावर 21 वर्षं काढली, म्हणजे नदीत उतरून किती पाणी वाहतंय ते मोजायचं. त्यामुळे पाणीवाटपाचा करार म्हटलं की मला सह्या करणारे पंतप्रधान दिसत नाहीत, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजपट्टीशी गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस दिसतो. उत्तर त्याच्याच बाजूने देतो.

आधी घरचं सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी विहीर सामाईक. सातबाऱ्यावर आठ आणे आमचे, आठ आणे चुलत्यांचे. चार-चार दिवसांची पाळी. हिश्शावरून कधी भांडण झालं नाही. भांडणं व्हायची ती 'तुमच्या पाळीत लाईट होती, आमच्या पाळीत गेली' यावरून. शेवटी आजीने मोटारीच्या खोपटात खिळ्याला एक वही अडकवली. मोटार चालू केली की वेळ लिहायची, बंद केली की वेळ लिहायची, आणि ज्याची पाळी नाही त्याने पुढे सही करायची. भांडणं त्यानंतरही झाली, पण वही पुढ्यात घेऊन झाली.

आता गंगा. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात फरक्का बॅरेज (नदीवरचा दरवाज्यांचा बंधारा) आहे, 1975 साली सुरू झालेलं. गंगेचं 40,000 क्युसेकपर्यंत पाणी एका कालव्याने भागीरथी-हुगळीत वळवायचं आणि कोलकाता बंदरातला गाळ हटवायचा, हा त्याचा उद्देश. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर.) बॅरेजपासून बांगलादेशची हद्द वीस किलोमीटरच्या आतच. पावसाळ्यात पाणी दोघांनाही नकोसं होतं, भांडण असतं ते जानेवारी ते मे या महिन्यांचं. 1977 साली पाच वर्षांचा करार झाला, पुढे तात्पुरत्या समजुती झाल्या, आणि 1988 नंतर आठ वर्षं काहीच नव्हतं. मग 12 डिसेंबर 1996 रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी 30 वर्षांच्या करारावर सह्या केल्या. बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा त्यात मोठा हात होता.

सूत्र असं: 1 जानेवारी ते 31 मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडले. फरक्क्याला 70,000 क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आलं तर निम्मं-निम्मं. 70,000 ते 75,000 च्या मध्ये असेल तर बांगलादेशला 35,000 आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त आलं तर भारताने 40,000 घ्यायचं आणि बाकीचं खाली सोडायचं.

पण मला मजा वाटते ती 11 मार्च ते 10 मे या दोन महिन्यांची. तेव्हा पाणी सगळ्यात कमी असतं आणि निम्म्यात कुणाचंच भागत नाही. म्हणून त्यांनी काय केलं? पाळी लावली! दहा दिवस एकाला 35,000 ची हमी आणि उरेल ते दुसऱ्याला, पुढचे दहा दिवस उलट. कराराच्या परिशिष्टात 1949 ते 1988 च्या सरासरी पाण्यावर तक्ताच दिला आहे. 1 ते 10 एप्रिलला 63,180 क्युसेक धरलेत, त्यात बांगलादेशला 35,000 आणि भारताला 28,180. 11 ते 20 एप्रिलला 62,633, त्यात भारताला 35,000 आणि बांगलादेशला 27,633. दोन सार्वभौम देशांमधला आंतरराष्ट्रीय करार, आणि उन्हाळ्यात तो चालतो आमच्या विहिरीसारखा.

आणि वही? तीही आहे. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीची पथकं रोज मोजतात. फरक्क्याला बॅरेजच्या खाली, वळवलेल्या कालव्यात आणि जहाजांच्या लॉकपाशी, आणि तिकडे बांगलादेशात हार्डिंज पुलाशी. हा 1915 सालचा रेल्वेपूल. हंगामात बांगलादेशचे अभियंते फरक्क्याला येऊन बसतात, आपले हार्डिंज पुलाकडे जातात. म्हणजे प्रत्येक आकड्यावर दुसऱ्याची नजर. फरक्का ते सीमा या पट्ट्यात मधेच भारताने पाणी उचललं तर? त्यालाही मर्यादा घालून ठेवली आहे, 200 क्युसेकच्या वर नाही. करार लिहिणाऱ्यांत कुणीतरी शेतकऱ्याच्या घरचा असणार असं मला हे वाचताना वाटलं होतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही हे ठाऊक असल्याशिवाय असलं कलम सुचत नाही.

जोडीने मोजायचं कशाला, एकाने मोजून फोनवर सांगितलं तर काय बिघडलं, असं वाटेल. तर ऐका. आम्ही नदीच्या रुंदीवर दोर ताणून ठरावीक अंतरावर नाव थांबवायचो, खोली मोजायचो, पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 वर करंट मीटर सोडायचो आणि हेडफोन लावून त्याच्या पंख्याचे फेरे मोजायचो. टिक, टिक, टिक. वेग गुणिले क्षेत्रफळ, असं एकेका पट्ट्याचं काढून बेरीज. तळाला वाळू सरकली, मीटरला शेवाळ अडकलं, नाव जरा तिरकी झाली की आकडा हलतो. दोन प्रामाणिक माणसांनी एकाच दिवशी मोजलं तरी थोडा फरक पडतोच. हाच फरक दोन वेगवेगळ्या वह्यांत गेला की त्याचं नाव 'चोरी' होतं. एकाच नावेत दोघं बसले असले की तो नुसता फरक राहतो.

याचा अर्थ गंगेचं सगळं ठीक आहे असा नाही. पहिल्याच उन्हाळ्यात, 1997 मध्ये, पाणी इतकं घटलं की ढाक्यात ओरड झाली. तक्ता जुन्या सरासरीवर बेतलेला आहे, आणि त्या काळापासून उत्तर प्रदेश-बिहारमधला उपसा वाढला आहे. पाणी 50,000 च्या खाली गेलं तर दोन्ही सरकारांनी तातडीने बोलायचं, एवढंच कराराने सांगितलंय, बोलून पुढे काय ते नाही. आणि दोन्ही देशांत सामाईक मानलेल्या नद्या आहेत 54. तिस्तेचा करार 2011 मध्ये अगदी सहीपर्यंत आला आणि पश्चिम बंगाल सरकारच्या विरोधामुळे राहिला. 1996 ला राज्य सोबत होतं, 2011 ला नव्हतं. गंगेच्या कराराची मुदतही 2026 च्या डिसेंबरची आहे.

पाणी वाटायचा करारच नसेल तर काय, त्याचं उदाहरण ब्रह्मपुत्रा. चीनशी वाटपाचा करार नाही. होती ती फक्त माहिती देण्याची बोली. 2002 पासून चीन पावसाळ्यात तिबेटमधल्या केंद्रांवरची पातळी आणि विसर्ग कळवायचा, आणि भारत त्याचे पैसे द्यायचा. 2017 मध्ये सीमेवर डोकलामला दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं आणि त्या पावसाळ्यात आकडे आलेच नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले. नुसत्या आकड्याने काय होतं, असं ज्याला वाटतं त्याने जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत राहून बघावं. तिथे सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न 'आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाला) किती फूट?' आणि दुसरा 'अलमट्टीतून (कर्नाटकातल्या धरणातून) किती सोडलं?' असतो. हे तर एकाच देशातल्या दोन राज्यांचं.

सिंधूबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण त्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. 19 सप्टेंबर 1960 चा तो करार जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. सगळे त्याला सहकार्याचा नमुना म्हणतात, माझं मत जरा वेगळं आहे. ती वाटणी होती. पटत नसलेल्या भावांनी मधे भिंत घालावी तशी. मात्र भिंत मजबूत होती. दोन्हीकडचे सिंधू आयुक्त 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतरही कामाला लागले. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने करार स्थगित ठेवला.

एकत्र कुटुंब बघायचं असेल तर आफ्रिकेत सेनेगल नदीकडे जा. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी 1972 मध्ये एक संस्था काढली, गिनी 2006 मध्ये आत आला. मनंताली धरण मालीच्या जमिनीवर, पण मालकी तिघांची, कर्जही तिघांच्या डोक्यावर. तिथल्या विजेचे हिस्से ठरलेले: माली 52 टक्के, सेनेगल 33, मॉरिटानिया 15. 1989 मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियात दंगली झाल्या, माणसं मारली गेली, देशोधडीला लागली, तरी संस्था मोडली नाही. सामाईक कर्ज हा फार चिवट चिकट पदार्थ आहे.

आता जमिनीखालचं पाणी. इथे पुन्हा आमच्या विहिरीकडे येतो. वही सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चुलत्यांनी स्वतःच्या रानात, विहिरीपासून पन्नास-साठ पावलांवर बोअर घेतलं. त्यांचं रान, त्यांचा पैसा, बोलायला जागा नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहीर मार्चमध्येच तळाला गेली. वहीत सगळं बरोबर होतं. तास बरोबर, सह्या बरोबर. बोअरचं पाणी वहीत येतच नव्हतं. (खरं सांगायचं तर दोन वर्षांनी आम्हीही बोअर घेतलं.)

देशांचंही हेच आहे. गंगेच्या आणि सिंधूच्या करारांत भूजलाचं वाटप नाही. जगात सीमेखालच्या भूजलावर नीट चाललेले करार बोटावर मोजण्याएवढे. त्यातला मला सगळ्यात आवडतो तो जिनिव्हाचा.

स्वित्झर्लंडचं जिनिव्हा शहर आणि फ्रान्सचा ओत-साव्वा जिल्हा यांच्याखाली वाळू-गोट्यांचा एक जलधर थर आहे, साधारण 19 किलोमीटर लांब. 1960 ते 1980 च्या दरम्यान दोन्हीकडून भरमसाट उपसा झाला आणि पातळी सुमारे सात मीटर उतरली. निसर्ग वर्षाला भरत होता साडेसात दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि 1971 मध्ये उपसा झाला 14 दलघमीच्या आसपास. काही विहिरी बंद पडल्या. तेव्हा जिनिव्हाने ठरवलं की माँ ब्लांकच्या बाजूने येणाऱ्या आर्व्ह नदीचं पाणी उचलायचं, गाळायचं आणि जमिनीखाली पसरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून मुरवायचं. आपल्या भाषेत कृत्रिम पुनर्भरण. केंद्र 1980 ला सुरू झालं. नदी पुराने गढूळ झाली की उचल बंद, नाहीतर गाळाने नळ्या बुजतील.

पण जिनिव्हाने पैसे घालून मुरवलेलं पाणी खाली जाऊन 'मी स्विस आहे' म्हणत नाही. फ्रेंच विहिरीतही येतं. म्हणून 1978 मध्ये करार झाला, आणि तो स्वित्झर्लंड व फ्रान्स या देशांत नव्हे, तर जिनिव्हा कँटन (तिकडचं राज्य) आणि त्या फ्रेंच जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा अधिकारी, यांच्यात! फ्रेंच बाजूने वर्षाला 5 दलघमीपर्यंत उपसावं. त्यातले 2 दलघमी फुकट, कारण निसर्ग भरतो त्यात त्यांचाही वाटा आहेच. त्यावर उपसलं तर पुनर्भरणाच्या खर्चात वाटा द्यावा. दोन्हीकडच्या उपशाच्या प्रत्येक ठिकाणी मीटर. तीन माणसं इकडची, तीन तिकडची, अशी समिती. आणि प्रत्येक बाजूच्या तिघांतले दोघे पाण्यातले जाणकार हवेत, ही अट. करार 30 वर्षं चालला आणि 2008 पासून नव्याने पुढे सुरू झाला. 5 दलघमी म्हणजे केवढं? आपल्याकडच्या एखाद्या लघु प्रकल्पात मावेल एवढं. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप केला म्हणूनच ते टिकलं असेल.

मग भारत-पाकिस्तान पंजाबात असं का होत नाही? राजकारण सोडा, पण जिनिव्हाला मूठभर विहिरी होत्या, त्याही पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या. इथे दोन्हीकडे लाखो ट्यूबवेल, त्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या. आपल्या पंजाबात शेतीपंपाची वीज मोफत, त्यामुळे कुणी किती उपसलं हे विजेच्या बिलावरूनही काढता येत नाही. आकडाच नसेल तर समितीत दोन सोडा, दहा जाणकार बसवले तरी ते कशावर बोलणार?

गंगेच्या पाळीचा पूर्ण तक्ता बघायचा असेल तर कराराचा मसुदा सहज मिळतो, शेवटची दोन परिशिष्टं वाचा. आधीची पानं नंतर वाचली तरी चालतील.