“मी त्यांना कधी भेटलोही नव्हतो, मॅडम”

“मॅडम, घरचं कोणी गेलेलं नाही. तरी रडू आवरत नाहीये. माझं काही बिघडलंय का?”

खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने हे विचारून टाकलं. २०१५ च्या जुलैचा शेवटचा आठवडा होता. वय सव्वीस, चांगली नोकरी, इस्त्रीचा शर्ट आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकी सगळं त्याच्या संमतीने लिहिते आहे.

दोन आठवड्यांपूर्वी, ११ जुलैला, निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता पित्तनलिकेतल्या गाठीने वारले. वय पंचावन्न. १३ तारखेला, सोमवारी, कंपनीने ते जाहीर केलं आणि तेव्हापासून या मुलाची झोप उडाली. ऑफिसात स्वच्छतागृहात जाऊन रडायचं आणि बाहेर आल्यावर सर्दी झाल्याचं सांगायचं, असे दोन आठवडे चालले होते. शेवटी बहिणीने माझा नंबर शोधून दिला.

तो येण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला होता. आवाजात काळजी होती आणि थोडा रागही. “कोण होता हो हा माणूस? ना नात्याचा ना गोत्याचा. कंपनीचा साहेब! त्याच्यापायी हा जेवत नाही म्हणजे काय?”

त्या पहिल्या भेटीत माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या कामात ती सर्रास होते, म्हणून सांगायलाच हवी. मी मनाशी धरून चालले की हे रडू इवातांसाठी नसणार. खाली दुसरं काहीतरी दबलेलं असेल, ते शोधायला हवं. मी विचारलं, घरात आधी कोणी गेलं होतं का? आजोबा, सहा वर्षांपूर्वी. झालं, मी तो धागा पकडला. वीस मिनिटं आजोबांवर बोललो. तो सभ्यपणे उत्तरं देत राहिला, मधूनच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. उठताना म्हणाला, “मॅडम, आजोबा गेले तेव्हा मी पोटभर रडलो होतो. सगळेच रडले होते, एकमेकांच्या गळ्यात पडून. हे वेगळं आहे.”

तो दाराबाहेर पडला आणि मला कळलं की मीही त्याच्या आईसारखंच वागले होते. तिने त्याचं दुःख मोडीत काढलं होतं, मी ते आजोबांच्या नावावर चढवलं. त्याचं म्हणून ते दोघींनीही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी एकच म्हटलं, “मला इवातांबद्दल काहीच माहीत नाही. कोण होते ते, सांगशील?”

तो ताठ बसला. मग पाऊण तास मी जवळजवळ काहीच बोलले नाही.

साप्पोरोत जन्म, १९५९ चा. तोक्योत संगणकशास्त्र शिकत असतानाच हॅल लॅबोरेटरी नावाच्या छोट्या कंपनीत अर्धवेळ काम करू लागलेला मुलगा. १९९३ मध्ये ती कंपनी दीडशे कोटी येनच्या कर्जात बुडाली, तेव्हा तेहतिसाव्या वर्षी तिचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी काय केलं, तर एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून त्याच्याशी बोलले, आणि पुढेही वर्षानुवर्षं ते चालू ठेवलं. काही वर्षांत कर्ज फिटलं. “मदर २” हा खेळ अर्ध्यात अडकून पडला होता. तो बनवणारे शिगेसातो इतोई यांना इवाता म्हणाले, आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, पहिल्यापासून करू दिलंत तर अर्धं वर्ष. खेळ १९९४ मध्ये बाजारात आला. अध्यक्ष असतानाही ते प्रोग्रॅम लिहीत. पोकेमॉनच्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत चित्रं कमी जागेत बसवायची साधनं त्यांनी करून दिली, आणि तेव्हा ते निन्टेंडोचे नोकरही नव्हते.

“अकरा वर्षांचा असताना मी गोल्ड खेळलो,” तो म्हणाला. “माझ्या हातात होतं ते त्यांच्या हातांखालून गेलेलं होतं. हे मला फार नंतर कळलं.”

२००२ मध्ये इवाता निन्टेंडोचे चौथे अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे पहिलेच. मग २००४ मध्ये डीएस हा हातात धरून खेळायचा दोन पडद्यांचा गेम आला, २००६ मध्ये टीव्हीला जोडून खेळायचं वी हे यंत्र. आधी कधी व्हिडिओ गेमला हात न लावलेली माणसं खेळायला लागली. पुढे २०११ मध्ये डीएसनंतरचं थ्रीडीएस हे यंत्र खपेना, किंमत उतरवावी लागली, तेव्हा इवातांनी आपला पगार निम्मा केला. २०१४ मध्ये पुन्हा काही महिने केला. माणसं कमी का करत नाही, असं भागधारकांनी विचारल्यावर त्यांचं उत्तर असं होतं की नोकरी जाईल या भीतीत बसलेली माणसं लोकांना भावतील असे खेळ बनवू शकतील, असं मला वाटत नाही.

हे सांगताना तो थांबला. त्याच्या स्वतःच्या ऑफिसात त्या वर्षी तीनदा माणसं कमी केली होती. आजोबांची नव्हे, या गोष्टीची मला चौकशी करायला हवी होती, असं तेव्हा मनात आलं. पण तीही मी ताणली नाही. प्रत्येक दुःखाच्या पोटात दुसरं दुःख असतंच असं नाही. त्याला त्या माणसाबद्दल आदर का होता, एवढं त्यातून समजलं आणि ते पुरेसं होतं.

बॅगेतून त्याने जुना डीएस काढला. उजवीकडची बिजागरी तडकलेली, तिच्यावर पिवळी पडलेली पारदर्शक चिकटपट्टी. खालच्या पडद्यावर इतके बारीक ओरखडे की खिडकीकडे धरल्यावर कोळ्याचं जाळं दिसावं. सोळाव्या वर्षापासूनचे आहेत, म्हणाला. माझ्या हातात देताना त्याने तो दोन्ही हातांनी दिला.

मग त्याने इवातांची ती खूण करून दाखवली. २०११ पासून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहून नवे खेळ स्वतः सांगायचे, आणि “थेट तुमच्यापर्यंत” म्हणताना दोन्ही तळहात समोरासमोर धरून छातीपासून सरळ पुढे न्यायचे. त्याचे हात अर्ध्यावर गेले आणि तिथेच राहिले. मग तो रडला. या वेळी सर्दीचं कारण नव्हतं.

माझ्याकडे असे लोक येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: न भेटलेल्या माणसासाठी एवढं रडणं म्हणजे वेड का? नाही. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी टीव्हीच्या पडद्यावर आपल्याशी बोलणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं जे नातं जुळतं त्याला “पॅरासोशल” हे नाव दिलं. मराठीत आपण त्याला एकतर्फी नातं म्हणतो. तो शब्द ऐकला की लोकांना वाटतं, खोटं नातं. पण या मुलाचे त्या पडद्यासमोरचे तास खरे होते. आजारपणात अंथरुणावर खेळलेला डाव, बहिणीशी भांडून जिंकलेली शर्यत, कोणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं त्या वर्षी रात्री उघडलेला तो डीएस, हे सगळं त्याच्या आयुष्यात घडलेलं होतं. इवाता त्याला ओळखत नव्हते म्हणून ते न घडलेलं ठरत नाही.

शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये आणखी एका गोष्टीला नाव दिलं: आजूबाजूचे ज्याला मान्यता देत नाहीत असा शोक. घरचं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, ऑफिसात रजा मिळते, चार दिवस चुकलंमाकलं तरी कोणी बोलत नाही. या मुलाला रजा मागायला तोंड नव्हतं. माझ्या अनुभवात अशा माणसाला रडण्यापेक्षा रडणं लपवणं जास्त थकवतं. त्याच्या थकव्याचा अर्धा भाग त्या खोट्या सर्दीचा होता.

त्याने विचारलं होतं, “ते शोकाचे पाच टप्पे असतात ना? मी कितव्यावर आहे?” हेही बरेच जण विचारतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नाही. आज हसलास आणि उद्या पुन्हा रडलास तर तू मागे गेलास असं होत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं.

खरी अडचण वेगळीच निघाली, तीही तिसऱ्या भेटीत. तो रात्री तीन-तीन वाजेपर्यंत इवातांचे जुने व्हिडिओ बघत होता. आठवणीसाठी बघत असेल असं मला वाटलं होतं. तो आजाराच्या खुणा शोधत होता. २०१४ च्या जूनमध्ये इवातांची शस्त्रक्रिया झाली. त्या नोव्हेंबरमध्ये पडद्यावर आले तेव्हा ते खूप बारीक झाले होते, आणि आपलं वजन उतरलं म्हणून आपलं “मी”, म्हणजे निन्टेंडोच्या यंत्रातलं आपलं छोटं कार्टून, तेही बारीक करून घेतल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

“मी तेव्हा हसलो होतो, मॅडम. म्हटलं, छान दिसतायत. मला कळायला हवं होतं.”

“कळलं असतं तर काय केलं असतंस?”

बराच वेळ गेला. “काही नाही. पत्र लिहिलं असतं कदाचित.”

जवळचं माणूस गेलेल्यांकडून हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे. मला कळायला हवं होतं. जिव्हाळा असतो तिथेच ही बोचणी येते, आणि इथे तर त्याच्या हातात काहीच नव्हतं. व्हिडिओ बंद कर असं मी सांगितलं नाही. शोध बंद कर म्हटलं. दिवसा बघ, एकच बघ, बहिणीला शेजारी घेऊन बघ. रात्री अकरानंतर नाही. राहून गेलेलं पत्र आता लिही. ते त्याने लिहिलं, चार पानी. मला वाचून दाखवलं नाही, मी मागितलंही नाही.

एक गोष्ट त्याने माझ्याकडे येण्याआधी स्वतःहूनच केली होती आणि ती सांगायला लाजत होता. त्या मे महिन्यात आलेल्या स्प्लाटून या खेळातल्या चौकात खेळाडूंनी काढलेली चित्रं दिसत. त्या आठवड्यात तो चौक इवातांच्या चित्रांनी भरून गेला होता. न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात लोक फुलं आणि चिठ्ठ्या ठेवून जात होते. यानेही एक चित्र काढलं होतं, काळं-पांढरं, चष्मा आणि मधोमध भांग. “चष्मा वाकडा आला,” म्हणाला. जगभरातल्या अनोळखी माणसांनी त्या दिवशी जे केलं ते भेटीला जाण्यासारखंच होतं. त्याला ते तसं सांगितल्यावर खांदे थोडे उतरले.

काळजी कधी करायची, हेही सांगते, कारण पालक तेच विचारतात. रडण्याची नको. आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण रुळावर येत नसेल, काम सुटत असेल, माणूस सगळ्यांपासून तुटत चालला असेल, किंवा “मीही कशाला जगू” असं काही बोलत असेल, तर थांबू नका, लगेच मदत घ्या. या मुलाला हे शेवटचं मी पहिल्याच भेटीत सरळ शब्दांत विचारलं होतं. तसं काही नव्हतं. विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात येईल, ही भीती मनातून काढा. तसं होत नाही.

ऑगस्टमध्ये आईला बोलावलं. तिला मी मानसशास्त्र सांगितलं नाही. म्हटलं, “फोनवर तुम्ही मला विचारलंत, कोण होता हा माणूस. तोच प्रश्न त्याला विचारा. उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.”

तिने विचारलं. जरा अवघडूनच. तो सांगत गेला. पगार निम्मा केल्याचं ऐकून तिने माझ्याकडे बघितलं, खरं का हे, अशा नजरेने. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत इवाता काय म्हणाले तेही त्याने सांगितलं: माझ्या व्हिजिटिंग कार्डावर मी कंपनीचा अध्यक्ष आहे, डोक्याने मी गेम बनवणारा आहे, पण मनाने मी गेम खेळणारा आहे.

“किती वर्षांचे होते रे?” आईने विचारलं. आधीचा “होता” आता “होते” झाला होता.

“पंचावन्न.”

“माझ्याच वयाचे,” ती म्हणाली, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर गेला.

त्यानंतर तो दोनदाच आला. झोप सुधारली होती. ११ जुलै जवळ आली की जड वाटतं, असं पुढच्या वर्षी त्याने कळवलं. वाटणारच, म्हटलं.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा लांबलचक निरोप आला. त्या वर्षी निघालेल्या स्विच या यंत्रात इवातांनी १९८४ मध्ये स्वतः लिहिलेला गोल्फचा खेळ लपवलेला सापडला होता. यंत्राच्या घड्याळात ११ जुलै असेल आणि दोन्ही हातांत कंट्रोलर धरून ती “थेट” खूण केली, तर तो उघडायचा. पण यंत्र एकदा इंटरनेटला जोडलं की ते तारीख तिथूनच घेतं, आपण बदलून चालत नाही. याचं तर पहिल्याच दिवशी जोडलेलं होतं.

“उघडला नाही, मॅडम,” त्याने शेवटी लिहिलं होतं. “तरी करून बघितलं. आई म्हणाली, मला पण दाखव कसं करायचं. एक कंट्रोलर तिने घेतला, एक मी.”