बारावी सायन्सनंतर आयटीआय: मागे जाणं की आडवाटेने पुढे?

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला 51 टक्क्यांनी पास झाला. दहावीला 74 होते. बीएस्सी करायची नाही म्हणतो. मामाबरोबर वायरिंगच्या कामावर जातो, त्यात रमतो. ‘वर्षभर मामाकडेच राहतो, मग बघू’ असं त्याचं चाललंय. हे म्हणतात, कॉलेजात नाव घाल, नाहीतर पोरगं हातचं जाईल. आयटीआयचं नाव काढलं की चिडतात, ‘बारावी होऊन परत दहावीच्या पोरांत बसणार?’ काय करू?
– एक आई, संगमनेर

उत्तर: ताई, मन लागत नसताना बीएस्सीला नाव घालून दुसऱ्या वर्षी एटीकेटी घेऊन बसण्यापेक्षा थांबलेलं बरं. पण मामाकडचं ‘मग बघू’ही आम्हाला पटत नाही. तिथे हात तयार होईल, कागद काही मिळणार नाही. नव्या घराला मीटर घ्यायचा तर महावितरण परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. पोराने अर्थिंग कितीही चोख केलं तरी सही दुसऱ्याची, आणि त्या सहीचे पैसेही दुसऱ्याचे. मामांकडे स्वतःचा परवाना आहे का, हे एकदा विचारून घ्या.

कागद हवा, म्हणून वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन), दोन वर्षांचा आयटीआय. वीजतंत्रीची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, तिथे बारावीचे 51 आड येत नाहीत. प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतो आणि घोळ ठरलेल्या जागी होतात. अर्ज भरून पोरं निवांत होतात, पण जवळच्या आयटीआयत कागद दाखवून तो निश्चित केला नाही तर नाव यादीतच येत नाही. पसंतीक्रम वेगळे भरावे लागतात. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. त्यामुळे वर तेच लिहा जिथे खरंच जायचंय. फेऱ्या हुकल्या तर उरलेल्या जागांसाठी शेवटी समुपदेशन फेरी असते. खासगी संस्थेत जायची वेळ आली तर त्या ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, पूर्वी एनसीव्हीटी) संलग्नता आहे का ते आधी पाहा. पाटीवर ‘टेक्निकल इन्स्टिट्यूट’ कुणीही लिहितं. आणि हजेरी 80 टक्के लागते, मामाचं काम सुट्टीच्या दिवशीच.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी. महावितरण या ट्रेडची मुलं घेते, कारखानेही घेतात. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ती घेणं बंधनकारकच आहे. 2019च्या नियमांत आयटीआयवाल्याला दरमहा किमान 7000 रुपये ठरले होते. सध्याचा आकडा अप्रेंटिसशिप पोर्टलवर पाहा. एमआयडीसीत काही ठेकेदार साध्या हेल्परलाच ‘अप्रेंटिस’ म्हणतात. पोर्टलवर करार नोंदलेला नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळत नाही. झाल्यावर तीच कंपनी कायम करेल असंही धरून चालू नका, कायद्याने ती बांधील नाही.

आता मिस्टरांच्या रागाचं. त्यांची भीती वाट बंद होण्याची आहे, पण वाट बंद होत नाही. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. खरं तर बारावी सायन्सवर आत्ताच थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाला जाता येतं, इलेक्ट्रिकलला! दोन वर्षांत डिप्लोमा हातात. मिस्टरांना ‘कॉलेज’ हवंच असेल तर हा पर्याय त्यांच्यापुढे ठेवा. फक्त त्यात गणित भरपूर आहे. बारावीत मॅथ्सला किती पडले ते मार्कशीटवर बघा. काठावर पास असेल तर आम्ही आयटीआयच सांगू. पदवीच हवी असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम नोकरी करतानाही होते.

तोवर ‘सीट धरून ठेवतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही कॉलेजला मूळ एलसी देऊ नका, झेरॉक्स द्या. तीच एलसी आयटीआयला लागणार आहे. जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर याच आठवड्यात तपासून घ्या. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली असेल तर सेतूत अर्ज टाकून द्या. फेऱ्या सुरू झाल्या की तिथे रांगा लागतात.